याला दहापैकी किती?

मराठी वर्तमानपत्रांत व्हिडिओ गेम साधारण दोनच पानांवर भेटतो. एक आरोग्याचं पान. तिथे मुलं चिडचिडी झालेली असतात, अभ्यास बुडालेला असतो, चष्म्याचा नंबर वाढलेला असतो. दुसरं गॅजेटचं पान. तिथे ग्राफिक्स जबरदस्त असतात, फ्रेम रेट साठ असतो, डाउनलोड अमुक इतक्या जीबीचं आणि शेवटी दहापैकी साडेआठ. पहिल्या पानावर गेम म्हणजे साथीचा रोग, दुसऱ्यावर मिक्सर-ग्राइंडर. खेळणारा माणूस त्या दोन-तीन तासांत नेमकं काय करत होता, काय ठरवत होता, गेम त्याला कशाला भाग पाडत होता, हे दोन्हीकडे येत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. गेमचं परीक्षण म्हणजे त्याच्या नियमांचं परीक्षण. गोष्ट, चित्रं, संगीत हे सगळं असतंच, पण ते नियमांच्या अंगाने तपासायचं. आणि नियम प्रकारागणिक बदलतात, तेव्हा कसोटीही बदलायला हवी. ख्याल ऐकताना शब्द कळले नाहीत म्हणून आपण गुण कापत नाही, लावणीत आलापी नाही म्हणून नाक मुरडत नाही. गेमच्या बाबतीत मात्र शर्यतीचा, कोड्याचा, भुताचा, शेतीचा, लढाईचा, सगळे एकाच तागडीत टाकून ग्राफिक्स, स्टोरी, साउंड, गेमप्ले असे चार रकाने भरले जातात. ‘गेमप्ले’ हा चारांतला एक रकाना! म्हणजे नाटकाच्या परीक्षणात नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा आणि चौथा रकाना ‘नाटक’.

आमच्या पिढीने मारियो टीव्हीला जोडायच्या डब्यावर खेळला. पिवळी कॅसेट, तिच्यावर हजारो गेम असल्याचा दावा आणि आत तेच वीस-पंचवीस गेम फिरून फिरून. लागली नाही की काढायची, फुंकायची, परत खोचायची. ‘सुपर मारियो ब्रदर्स’ हा निन्टेंडोचा १९८५चा गेम, शिगेरू मियामोतो यांनी घडवलेला. त्याची पहिली लेव्हल आठवून बघा. मारियो डाव्या बाजूला उभा, तोंड उजवीकडे, पुढे मोकळी जागा. सूचना कुठेही नाही. असती तरी आमच्यातल्या किती जणांना वाचता आली असती कोण जाणे. उजवीकडे चालू लागलं की रागीट चेहऱ्याचं एक बुटकं ध्यान समोरून येतं. धडकलात की मेलात. पण फार काही गमावलेलं नसतं, कारण इथवर यायला चार सेकंद लागलेले असतात. पुढच्या वेळी आपण उडी मारतो, डोकं प्रश्नचिन्हाच्या विटेवर आपटतं, नाणं निघतं. आणखी एका विटेतून मशरूम निघतं. ते उजवीकडे सरकत जातं, खाली पडतं, पाइपला धडकतं आणि आपल्याकडेच परत येतं. घाबरून उडी मारावी तर वर विटांचं छत. मशरूम लागतंच आणि मारियो मोठा होतो. कशापासून पळायचं आणि कशाच्या मागे धावायचं, हे एक अक्षरही न वाचता कळलेलं असतं.

प्लॅटफॉर्म प्रकारातल्या, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या गेमचं परीक्षण इथून सुरू व्हायला हवं. हा गेम हाताला काय शिकवतो, आणि शिकवलेलं पुढे केव्हा विचारतो? राजकन्येला कुणी पळवलं ही चौकशी नंतर केली तरी चालेल.

टेट्रिसला तर गोष्टच नाही. १९८४ मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीत काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव यांनी तो लिहिला, तो अशा यंत्रावर की ज्याला चित्रं काढताच येत नव्हती. वरून पडणारे ठोकळे कंसांची चिन्हं जोडून दाखवले होते. द्या आता ग्राफिक्सला गुण. रॉजर ईबर्ट या नावाजलेल्या अमेरिकी चित्रपट समीक्षकाने २०१० मध्ये लिहिलं होतं की व्हिडिओ गेम कधी कला होऊच शकत नाहीत. त्यांचा एक मुद्दा असा की गेम जिंकता येतो, कला जिंकायची नसते. मला तेव्हा टेट्रिसच आठवला. मूळ टेट्रिस जिंकण्यासाठी बनलेलाच नाही, त्यात फक्त हरणं लांबवता येतं. (ईबर्ट यांनी त्याच वर्षी, स्वतः न खेळता या विषयात पडायला नको होतं, अशी कबुलीही दिली. आपल्याकडे एवढं कोण करतं?)

आकड्यांचा सोस मात्र जगभर सारखाच. मेटाक्रिटिक ही साइट २००१ पासून ठिकठिकाणच्या परीक्षणांचे गुण गोळा करून शंभरपैकी एक आकडा काढते. २०१०च्या ‘फॉलआउट: न्यू वेगास’च्या वेळी ऑब्सिडियन या स्टुडिओचा बोनस या आकड्याशी बांधलेला होता. ८५ मिळाले तर बोनस. मिळाले ८४. गेम सुरुवातीला जागोजागी अडकत होता, त्याबद्दल अनेकांनी गुण कापले, ते रास्तच. पण त्याच गेममध्ये एका वाळवंटातल्या प्रदेशावर सत्ता कुणाची हे खेळणाऱ्याला ठरवावं लागतं, आणि कुठलीही बाजू निवडली तरी कुणीतरी भरडलं जातं. अडकणं पुढे अपडेटने कमी झालं. ती निवड आजही लोकांना छळते. दोन्हींची बेरीज ८४ होते म्हणजे नेमकं काय होतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

उलट बाजूही बघा. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला. आधी परीक्षकांच्या हाती पीसीवरची आवृत्ती ठेवली गेली, आणि ती परीक्षणं बहुतांश चांगली आली. लोकांनी जुन्या प्लेस्टेशनवर विकत घेतला तेव्हा तो धड चालतही नव्हता. जेमतेम आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. दहापैकी नऊ देणारे खोटं बोलत नव्हते. ते वेगळाच गेम खेळले होते.

हीच गोष्ट आपल्या घरातल्या बीजीएमआयबद्दल, म्हणजे पबजी मोबाइलच्या भारतीय अवताराबद्दल. शंभर जण विमानातून उतरतात, बंदुका शोधतात, झोन आक्रसत जातो, शेवटी एक जण किंवा एक स्क्वाड उरतो. यात कथानक शोधणारा परीक्षक चुकीच्या मैदानात उभा आहे. हा खेळ आहे, कबड्डी-क्रिकेटच्या अर्थाने. मग खेळपट्टीचा अहवाल हवा. सामना बरोबरीचा आहे का? माझ्या पुतण्याच्या भाषेत सांगायचं तर ज्याच्याकडे ‘आयपॅड व्ह्यू’ आहे त्याला मैदान जास्त दिसतं. महागड्या फोनवर हालचाल लोण्यासारखी, दहा हजारांच्या फोनवर ऐन चकमकीत चित्र गोठतं आणि जागं होतं तेव्हा तुम्ही मेलेले असता. ज्या देशात बहुतेक मुलं दुसऱ्या प्रकारच्या फोनवर खेळतात तिथे लाखाच्या फोनवर खेळून लिहिलेलं परीक्षण कुणासाठी असतं? २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा घरोघरी ‘बरं झालं, मुलं सुटली’ असा सुस्कारा निघाला. सरकारचं कारण मात्र व्यसन हे नव्हतंच, ते माहितीच्या सुरक्षेचं होतं. गेमबद्दल बोलायला भाषा नसली की सगळं एकाच खुंटीला टांगलं जातं, ते असं.

अवघड गेमांची गोष्ट निराळी. ‘डार्क सोल्स’ (२०११) आणि त्याच्या गोतावळ्यातले गेम म्हणजे मरण्याचा रतीब. हिदेताका मियाझाकी यांच्या या गेममध्ये शेकोटीजवळ बसलात की तुम्ही ताजेतवाने होता, पण मारलेले शत्रूही पुन्हा उभे राहतात. मेलात तर कमावलेलं, अजून न खर्चलेलं सगळं मेल्याच्या जागी पडून राहतं. तिथवर पोचण्याची एक संधी. वाटेत पुन्हा मेलात तर ते कायमचं गेलं. ‘फारच कठीण, दोन गुण कमी’ असं यावर लिहिणं म्हणजे मिरची तिखट लागली म्हणून भाजीवाल्याशी भांडणं. इथे प्रश्न एकच विचारायचा: मेलो तेव्हा चूक कुणाची होती? तलवार उगारली गेली ते दिसलं होतं, ढाल मी उशिरा उचलली, तर गेम न्यायी. कॅमेरा भिंतीत अडकला आणि मागून कुणी मारलं ते दिसलंच नाही, तर तो गेमचा गुन्हा. ‘डार्क सोल्स’ दोन्ही करतो, आणि त्याचे भक्त दुसऱ्याबद्दल बोलत नाहीत. सोपी पातळी द्यावी की नाही या वादात मी मधेच उभा आहे. ‘सेलेस्ट’ या डोंगर चढण्याच्या गेमने २०१८ मध्ये, ज्याला हवं त्याला वेग कमी करण्याची सोय दिली आणि त्या गेमचं काहीही बिघडलं नाही. पण तो डोंगर एकट्याने, टप्प्याटप्प्याने चढायचा होता. शेकोटीपासून शेकोटीपर्यंतची धास्ती हाच जिथे गाभा आहे तिथे तेच औषध लागू पडेल असं मला वाटत नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. समीक्षेची सर्वांत जास्त गरज इतिहासावरच्या डावपेचांच्या गेमना आहे. ‘एम्पायर: टोटल वॉर’ २००९ मध्ये आला, काळ १७०० ते १७९९, आणि त्यात मराठे घेऊन खेळता येतं. हे कळल्यावर मी जे केलं तेच बहुतेक मराठी मुलांनी केलं असेल: इंग्रज, फ्रेंच सगळे बाजूला, आधी मराठे. मुघलांशी युद्ध सुरुवातीपासून चालूच असतं. रविवारी सकाळी बसलो, संध्याकाळी चहा झाला तेव्हा अर्धा हिंदुस्थान माझा होता. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

मग इतिहास आठवला. १७०० साली खरोखर काय चाललं होतं? मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली. औरंगजेब स्वतः एकेका किल्ल्यापुढे तळ ठोकत होता. सातारा त्याच वर्षी पडला, पुढच्या तीन वर्षांत पन्हाळा, विशाळगड, सिंहगड. आणि मराठे? किल्ला महिनोन्महिने झुंजवायचा, शत्रू मेटाकुटीला आला की चांगली रक्कम पदरात पाडून खाली करायचा, बादशाही फौजेची पाठ फिरली की परत घ्यायचा. मधल्या काळात रसद मारायची, खजिना लुटायचा, मोकळ्या मैदानात समोरासमोर शक्यतो यायचंच नाही. १७०७ मध्ये बादशहा अहमदनगरजवळ मेला तोवर त्या किल्ल्यांतले बरेचसे पुन्हा मुघलांच्या हातचे गेले होते.

गेममध्ये लढाईचा गाभा म्हणजे रांगेत उभं राहून फैरी झाडणारं पायदळ. महादजी शिंद्यांनी द बॉइन्य या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या केल्या त्या काळाशी हे थोडंफार जुळतं, १७००शी नाही. त्याहून खोलातला घोळ नकाशात आहे. प्रांत एकतर तुमचा किंवा दुसऱ्याचा. शत्रूची गावं लुटता येतात, कुणाला मांडलिकही करता येतं, पण जिंकायची अट शेवटी ठरलेल्या सालापर्यंत ठरलेले प्रांत ताब्यात असण्याची. मग चौथाईचं काय करायचं? प्रांत मुघलांचा, सुभेदार मुघलांचा, आणि महसुलाचा चौथा हिस्सा आपला. वर सरदेशमुखी वेगळी. अठराव्या शतकातली मराठी सत्ता पसरली ती या धूसर पट्ट्यातून, आणि नेमका तो पट्टा रंगवायला या नकाशाकडे रंग नाही. म्हणजे नाव मराठ्यांचं आणि चालवत होतो मी युरोपातलं एखादं राज्य.

त्या वेळच्या परीक्षणांत नौदलाच्या लढाया, संगणक खेळवतो त्या शत्रूचा कच्चेपणा, गेम मधेच बंद पडणं यांवर भरपूर लिहिलं गेलं. चौथाईबद्दल माझ्या वाचनात एक ओळही आली नाही. येणार तरी कशी? ते दिसायला चौथाई माहीत असावी लागते. आपल्या माणसाने लिहायला हवं ते इथे. ‘आम्हालाही घेतलं’ या आनंदाच्या पुढे जाऊन, घेतलं ते कशाच्या रूपात, हे विचारायला हवं. कॅनडातल्या क्री लोकांनी ते विचारलं. २०१८ मध्ये ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये त्यांचा समाज आणि त्यांचा पाउंडमेकर हा पुढारी आला, तेव्हा त्यांच्या एका प्रतिनिधीने जाहीरपणे सांगितलं की दुसऱ्यांना जिंकून त्यांची जमीन बळकावायची हे वसाहतवाद्यांचं मूल्य आहे, ते आमच्या गळ्यात का बांधता? चित्रं सुंदर होती, संगीतही. हरकत नियमांना होती.

यावर एक रास्त शंका येते. प्रत्येक प्रकाराला त्याची त्याची कसोटी लावली तर कुठलाही गेम आपापल्या परीने पासच होणार नाही का? नाही होत. ‘कँडी क्रश’ घ्या. कोड्याचा गेम म्हणून तो उत्तम घासूनपुसून बनवलेला आहे, रंग फुटतात तेव्हा माझंही बोट थांबत नाही. पण त्याचा खरा नियम पटावर नाही, पटाबाहेर आहे. पाच लाइफ, संपल्या की एकेक भरायला अर्धा तास. थांबा, मित्रांकडे मागा, नाहीतर पैसे मोजा. जिंकायला जेमतेम एक चाल कमी पडते तेव्हा नेमकं पैशाचं बटण पुढे येतं. हा गेम तुमच्या चातुर्याशी जितका खेळतो तितकाच तुमच्या अधीरतेशी खेळतो, आणि परीक्षणात हे पहिल्या ओळीत यायला हवं. आरोग्याच्या पानावरच्या डॉक्टरांनाही मग ‘गेम वाईट’ याहून नेमकं काही सांगता येईल: कुठला नियम पोराला धरून ठेवतो, ते.

गंमत म्हणजे कायद्याला हे कधीच करावं लागलं. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटलं. ऑनलाइन रमीवाल्यांचा युक्तिवाद पुढे कित्येक वर्षं त्यावर उभा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला, त्यात ई-स्पोर्ट, सामाजिक गेम आणि पैशाचे गेम असे वर्ग पाडले, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंद केले. कायदा बरा की वाईट हे इथे सोडून देतो. पण वर्गवारी त्यांना नियम बघूनच करावी लागली, चित्रं बघून नव्हे. कारकुनी भाषेला जे जमलं ते आमच्या पुरवण्यांना जमत नाही, याची थोडी लाज वाटते.

आणि आपलेपणा नडतो तो असा. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा २०२०चा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन होतं. राखीच्या दिवशी असुर हल्ला करतात, डोंबाऱ्यासारखे खेळ करणाऱ्या राजीचा भाऊ गोलू पळवला जातो आणि ती त्याला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात. आपल्याकडे त्याच्यावर लिहिलं गेलं ते बहुतेक कौतुकाच्या सुरात: पाहा, आपल्या पुराणांवर जागतिक दर्जाचा गेम. कौतुक मलाही आहे. त्या गढ्या, त्या भिंतींवरचं पहाडी शैलीचं रंगकाम बघत मी चालायचं विसरलो. पण मला सर्वांत आवडलेली गोष्ट कुणी लिहिलेली दिसली नाही: राजी खांबाला धरून गिरकी घेते आणि भोवतालच्या असुरांना झोडपते. मल्लखांब पाहिलेल्या माणसाला ती गिरकी पोटातून ओळखीची वाटते. संस्कृती वेशभूषेत होतीच, ती इथे नियमात उतरली होती. दुःख हे की लढाया पुढे पुढे त्याच त्याच होत जातात, तिरंदाजीला वजन वाटत नाही, आणि शेवट असा तुटतो की पुढची कॅसेट हरवल्यासारखं वाटतं. हे न सांगणं म्हणजे त्या स्टुडिओवर प्रेम नव्हे. राज्य नाट्य स्पर्धेतल्या हौशी मंडळींनाही आपण याहून कडक बोलतो, आणि त्यातूनच त्यातले काही तयार होतात.

पुतण्याचा उल्लेख वर आलाच आहे. तो अकरावीत आहे. कॉलेजच्या भित्तिपत्रकाला गेमचा रिव्ह्यू लिहायचा होता, तर मी त्याला ‘पेपर्स, प्लीज’ दिला. लुकास पोप या एकट्या माणसाने २०१३ मध्ये केलेला गेम. तुम्ही एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर कारकून. खिडकीशी माणसं येतात, पासपोर्ट बघायचा, तारीख, फोटो, शिक्का जुळवायचा, हिरवा किंवा लाल ठप्पा मारायचा. माणशी पैसे मिळतात, संध्याकाळी सहाला खिडकी बंद. त्या पैशांत भाडं, जेवण, शेगडीची ऊब. घरी बायको, मुलगा, सासू, काका. चूक केलीत तर मशिनमधून चिठ्ठी निघते. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीपासून दंड.

दोन दिवसांनी त्याने रिव्ह्यू दाखवला. ‘ग्राफिक्स जुनाट आहेत. स्टोरी ठीक. गेम स्लो आहे पण टाइमपास होतो. ६/१०.’

मी विचारलं, “तो नवरा आला होता का? कागद बरोबर असलेला. माझी बायको मागे रांगेत आहे, तिला सांभाळून घ्या म्हणतो तो?”

“हो, आला ना. तिच्याकडे परमिटच नव्हतं.”

“मग काय केलंस?”

तो जरा थांबला. “परत पाठवलं. त्या दिवशीच्या दोन चुका आधीच झाल्या होत्या, काका. तिसरीला पैसे कापतात. आणि घरी मुलगा आजारी होता.”

“नवरा?”

“तो आत गेला होता आधीच.”

“हे लिहिलं नाहीस यात.”

त्याने कागद माझ्या हातातून घेतला, वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाला, “हे रिव्ह्यूमध्ये लिहायचं असतं?”